रिस्टोअर केलेला जुना पियानो घ्यावा की त्याच पैशात नवीन?

तुम्ही विचारलंय की मुलगी कीबोर्डवर बऱ्यापैकी पुढे गेलीये, आता खरा पियानो घ्यायचाय, आणि आहे त्या पैशात एक तर नवीन बुटका अपराइट (भिंतीला लागून ठेवायचा, उभ्या तारांचा पियानो) बसतोय नाहीतर रिस्टोअर केलेला जुना उंच अपराइट, आणि घरचे म्हणतायत नवीनच घे. हे "घरचे म्हणतायत" वाचलं आणि उत्तर लिहायला बसले, कारण आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही.

सरळ सांगते, जुना उंच घ्या. पण ट्यूनरला, म्हणजे पियानो सुरात लावणाऱ्या माणसाला, दाखवून. विकणाऱ्याचा ट्यूनर नाही, तुम्ही पैसे देऊन सोबत नेलेला.

मी पियानो घ्यायचं ठरवलं तेव्हा दादा सोबत आला, कारण त्याच्या मते मला व्यवहार कळत नाही. पहिला पियानो बघितला तो काळाभोर, तोंड दिसेल इतका चकचकीत, बिजागऱ्या नव्या, पेडल लखलखीत. विकणारा म्हणाला फुल रिस्टोअर केलाय. दादाने दोन-चार पट्ट्या दाबल्या, आवाज आला, म्हणाला झालं, हाच घे. माझ्यासोबत आलेले ट्यूनर काका काहीच बोलले नाहीत, त्यांनी ठरलेला सूर देणारा ट्यूनिंग फोर्क काढला, गुडघ्यावर आपटला आणि पियानोवर मधला ए हा सूर वाजवला. फोर्कचा ए आणि पियानोचा ए यांच्यात सरळ एका पट्टीचा फरक! फोनवर बघितलं तर ४४० हर्ट्झच्या जागी ४१५ च्या आसपास. म्हणजे अख्खा पियानो अर्धा सूर खाली लावलेला, पण स्वतःशी सुरात असल्यामुळे दादाला त्यात काही वावगं वाटलं नाही. विकणारा म्हणाला ट्यूनिंगचं काय, घरी गेल्यावर करून घ्या.

काकांनी वरचं झाकण उघडलं, पुढची फळी काढली आणि तार जिच्यावर गुंडाळलेली असते त्या एका खुंटीला चावी लावली. खुंटी फिरवली, सूर वर चढला, हात काढला तर ऐकता ऐकता परत खाली आला. दुसरी खुंटी, तीच गत. मुळाशी लाकडावर काळपट डाग होते, सैल झालेल्या खुंट्या आवळून धराव्यात म्हणून तिथे औषध सोडतात त्याचे. सूर खाली का ठेवलाय ते तिथेच कळलं, वर नेला असता तर टिकलाच नसता. तारांवर आपटणारे फेल्टचे हॅमर पांढरेशुभ्र दिसत होते पण नवे नव्हते, तारांचे खाचे घालवायला घासून काढलेले, वरच्या सप्तकात तर फेल्ट इतकं पातळ की आतलं लाकूड दिसायचंच बाकी होतं. खर्जाच्या तारा मूळच्याच, पट्टी दाबली की नुसता धप्प आवाज, गुंज नाही. पैसे सगळे पॉलिशवर गेले होते. आणि दादा तरीही म्हणतोय, एवढं सुंदर आहे, बारीकसारीक तर निघणारच.

हे बारीकसारीक नाही. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण १८ ते २० टनांपर्यंत जातो. तो ताण बिडाची फ्रेम पेलते, पण प्रत्येक तारेला सुरावर धरून ठेवते खुंटी, आणि खुंटीला धरून ठेवतो मागचा लाकडी ठोकळा, पिनब्लॉक. तो सैल झाला की ट्यूनिंगला कितीही पैसे घाला, पाण्यात. बदलता येतो, पण त्यासाठी सगळ्या तारा उतरवाव्या लागतात आणि साध्या अपराइटवर एवढा खर्च सहसा कोणी करत नाही, वरून रंग मारून विकून टाकतात.

नंतर बघितला तो यामाहाचा यू थ्री, १३१ सेंटीमीटर उंच. अंगावर ओरखडे, एका कोपऱ्याचं पॉलिश उडालेलं. पण आत तारा नव्या, खुंट्या नव्या आणि आधीपेक्षा एक साइज जाड, हॅमर नवे, पट्टी सोडल्यावर तार थांबवणाऱ्या डॅम्परचं फेल्ट नवं, आणि काय काय बदललं त्याची यादी काम चालू असतानाच्या फोटोंसकट. सिरियल नंबरवरून कुठल्या सालचा आहे ते निघतं, तेही त्या माणसाने आपणहून काढून दाखवलं. काकांनी चावी लावली, खुंटी जोर लावल्यावरच हलली आणि सोडली तिथेच राहिली. मग खालची फळी काढून, जमिनीवर बसून, टॉर्च मारून ब्रिजवरच्या (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीवरच्या) खिळ्यांची रांग बघितली, तिथे भेगा नव्हत्या. साउंडबोर्डला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या मागच्या पातळ फळीला, मात्र एक बारीक भेग सापडली आणि दादा लगेच म्हणाला, बघ! काका म्हणाले भेगेने काही होत नाही, मागच्या आधाराच्या लाकडी पट्ट्या साउंडबोर्डला चिकटलेल्या आहेत ना, जोरात वाजवल्यावर झिणझिण येत नाही ना, मग सोडून द्या. मी खालच्या सप्तकात एक कॉर्ड वाजवून पट्ट्या धरून ठेवल्या, तो सूर विरायला इतका वेळ लागला की त्यानंतर मला दुसरं काही बघायचंच नव्हतं.

दादाचं मात्र घरी येईपर्यंत आणि पुढे महिनोन्महिने एकच, दुसऱ्याने वापरून टाकलेली वस्तू घरात आणलीस, वॉरंटी नाही काही नाही. पुढे भाचीसाठी त्याने नवा बुटका अपराइट घेतला, माझा पियानो न ऐकता. आता वॉरंटीचं सांगते. वॉरंटीत ट्यूनिंग येत नाही, कोरड्या किंवा दमट हवेने लाकूड आकसलं-फुगलं तर सहसा तेही येत नाही. आणि नव्या पियानोच्या तारा ताणल्या जात असतात, पहिल्या वर्षी तीन-चार वेळा ट्यूनिंग लागतं, हे त्याला दुकानात कोणी सांगितलं नव्हतं. शिवाय बुटक्या पियानोत खर्जाच्या तारा आखूडच बसवाव्या लागतात, मग सूर खाली न्यायला त्या जाड कराव्या लागतात, आणि आवाज गढूळ येतो. ती उंची वॉरंटीने वाढत नाही! भाची माझ्याकडे आली की पियानोवरून उठत नाही, म्हणते आत्या तुझ्याकडे खालचे सूर वेगवेगळे ऐकू येतात. दादा म्हणतो लहान आहे, तिला काय कळतंय. तिलाच कळतंय, वाजवते ती.

याचा अर्थ जुनं म्हणजे चांगलं असा अजिबात काढू नका. व्हायोलिनसारखं पियानोचं लाकूड मुरत जातं असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. पियानो वापराने झिजतो, हॅमर कडक होतात, साउंडबोर्डचा फुगवटा बसत जातो. मेणबत्त्यांच्या दांड्या लावलेले शंभर वर्षांपूर्वीचे अपराइट दिसायला फार गोड असतात, पण त्यातल्या कित्येकांत तारा सरळ उभ्या, एकमेकींवरून तिरक्या न नेलेल्या, आणि डॅम्पर हॅमरच्या वरच्या बाजूला, त्यामुळे पट्टी सोडली तरी सूर नीट बंद होत नाही. शिकणाऱ्या मुलीला असा पियानो देऊ नका, कितीही छान रिस्टोअर केलेला असो.

छोट्या ग्रँडचाही, म्हणजे आडव्या तारांच्या पियानोचाही, कोणी आग्रह करेल. ग्रँडचा खरा फायदा म्हणजे पट्टी पूर्ण वर यायच्या आत परत वाजते, एरार यांनी १८२१ मध्ये पेटंट घेतलेली रचना, अपराइटमध्ये ती सहसा नसते. पण तुमच्या मुलीला त्याची गरज पडायला अजून वेळ आहे, आणि अगदी छोट्या ग्रँडपेक्षा उंच अपराइटचा खर्ज चांगला असतो.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. तुमच्या जवळपास भरवशाचा ट्यूनरच नसेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि नवीन घ्या, कारण आतलं बघणारं कोणी नसताना जुना घेणं म्हणजे डोळे मिटून घेणं. बजेट वाढवून नवीन उंच अपराइट परवडत असेल तर तोही घ्या, माझं भांडण नव्याशी नाही, बुटक्याशी आहे. कुठलाही घेतलात तरी खोलीतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा, ऊन आणि हीटर यांच्यापासून लांब ठेवा, आणि घरी आल्या आल्या ट्यूनिंग करू नका, दोन-तीन आठवडे त्याला त्या हवेत रुळू द्या. अर्धा सूर खाली असलेला पियानो "नंतर वर घेऊ" म्हणून घेऊ नका, जुन्या तारा त्यात तुटतात.

बघायला जाताना मुलीला न्या, तिला हवं ते निवांत वाजवू दे, पॉलिशबद्दल बोलणाऱ्यांना मध्ये बोलू देऊ नका. आणि विकणाऱ्याने ट्यूनरला खुंटीला चावी लावायला नाही म्हटलं तर किंमत विचारायच्या आत तिथून निघा.