उद्या कुठल्या बंदुकीला भाव येईल? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

यावेळी जवळपास सगळे प्रश्न एकाच गोष्टीवर आलेत, की आज घेतलेली किंवा घरात पडलेली बंदूक पुढे जाऊन संग्राहकांसाठी मौल्यवान होईल का. म्हणून बाकीचे विषय बाजूला ठेवले. सगळं छापणं शक्य नव्हतं, पाच निवडलेत.

प्रश्न : काका, मी ह्यूस्टनला असते. नवऱ्याला बंदुकांची आवड आहे, तिथे ते कायदेशीर आहे त्यामुळे माझी हरकत नाही. पण आता त्याला एक सोनेरी नक्षीची कमेमोरेटिव्ह (म्हणजे कुठल्यातरी प्रसंगाच्या आठवणीसाठी काढलेली) विंचेस्टर रायफल बॉक्ससकट घ्यायची आहे, म्हणतो वीस वर्षांत दुप्पट होईल. खरंच होते का? आणि नसेल तर कुठल्या बंदुकीची होते?

उत्तर : ताई, ती कमेमोरेटिव्ह घेऊ देऊ नका. म्हणजे दिसायला आवडली असेल तर खुशाल घ्या, भिंतीवर छान दिसते, पण गुंतवणूक म्हणून नको. कारण सांगतो. विंचेस्टरने १९६६ मध्ये कंपनीच्या शंभरीची सेंटेनियल काढली, ती लाखाच्या वर खपली, मग १९६८ ला बफेलो बिलच्या नावाची, आणि नंतर दरवर्षी काही ना काही निघतच राहिलं. आता ज्यांनी ज्यांनी घेतली त्या सगळ्यांनी ती जपून ठेवण्यासाठीच घेतली, एक गोळी झाडली नाही, बॉक्स फेकला नाही, आणि परिणाम असा की पन्नास वर्षांनीही बॉक्सबंद माल बाजारात मुबलक आहे. जी वस्तू दुर्मिळ म्हणूनच विकली जाते ती दुर्मिळ राहत नाही हे मी नेहमी सांगतो.

भाव त्या बंदुकांना येतो ज्या वापरायला म्हणून बनल्या, लोकांनी भरपूर वापरल्या, खराब केल्या, आणि मग बनवणं थांबलं किंवा बनवण्याची पद्धत बदलली. विंचेस्टरचंच उदाहरण घ्या ना. मॉडेल ७० ही शिकारीची रायफल १९३६ पासून बनत होती, १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवायला आतली रचना बदलली, काडतूस घट्ट पकडणारा मोठा पंजा काढून टाकला, लाकडावरची हाताने कोरलेली जाळी जाऊन दाबून उमटवलेली आली, आणि शिकाऱ्यांना ते एका दिवसात कळलं. तेव्हापासून 'प्री-सिक्स्टीफोर', म्हणजे १९६४ च्या आधीची, हा शब्दच किंमत होऊन बसला आहे.

दुसरी कोल्ट पायथन. .३५७ मॅग्नम काडतुसाचं हे रिव्हॉल्व्हर १९५५ ला आलं, आतले भाग कारागीर हाताने घासून बसवायचे, आणि वरचा तो गडद निळा रॉयल ब्लू, तो एकदा उजेडात धरून बघितला की माणूस विसरत नाही. नेहमीचं उत्पादन १९९९ ला थांबलं आणि भाव चढायला लागले. २०२० मध्ये कोल्टने नवी पायथन आणली तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं आता जुनी पडणार, पण तसं झालं नाही, कारण नवी चांगली असली तरी ती हाताने घासलेली नाहीये आणि नेमबाज नवी घेतो, संग्राहक जुनीच मागतो.

आता पुढचं, म्हणजे ज्याला अजून पूर्ण भाव आलेला नाही असं. हा माझा अंदाज आहे, पण विचार करून सांगतोय. पहिल्या पिढीची ग्लॉक १७, जी अमेरिकेत १९८६ पासून यायला लागली, साध्या खडबडीत मुठीची, बोटांच्या खाचा नसलेली, प्लास्टिकच्या डब्यातून मिळायची आणि लोक त्याला टपरवेअरचा डबाच म्हणायचे. ग्लॉक म्हणजे गल्लोगल्ली मिळणारी वस्तू म्हणून कोणी जपली नाही, पोलिसांनी वापरून बदलून टाकल्या, डबे कचऱ्यात गेले. त्यामुळे डबा, कागद आणि न बदललेले भाग असलेली पहिल्या पिढीची मिळाली तर सोडू नका. तसंच हेकलर अँड कॉखची पी-७, मूठ दाबली की सज्ज होणारं पिस्तूल, पश्चिम जर्मनीच्या पोलिसांसाठी सत्तरच्या दशकाच्या शेवटी बनलेलं, बनवायला इतकं महाग की तसं पुन्हा कोणी बनवेल असं वाटत नाही.

आणि साध्या फौजी रायफलींना कमी लेखू नका. रशियन मोसिन-नगांत वीसेक वर्षांपूर्वी शंभर डॉलरच्या आत मिळायची, ग्रीसने माखलेली, लोक हसायचे, मग रशियातून आयात बंद झाली आणि हसणं पण बंद झालं. आयातीचा दरवाजा बंद होणं ही भाव वाढण्याची सगळ्यात मोठी खूण. मशीनगनचं तर टोकाचं उदाहरण आहे, १९ मे १९८६ नंतर अमेरिकेत सामान्य नागरिकांसाठी नवीन नोंदणीच बंद झाली, त्यामुळे त्याआधीच्या नोंदलेल्या तेवढ्याच खरेदी-विक्रीत आहेत आणि एकेकीची किंमत हजारो डॉलर. त्या वाटेला जाऊ नका असंच मी सांगेन, कागदपत्रांचं ओझं फार आहे.

नवऱ्याला सांगा, बंदुकीइतकेच पैसे कागदावर खर्च कर. कोल्टकडून नंबरावरून फॅक्टरी लेटर मिळतं, विंचेस्टरच्या जुन्या नोंदी वायोमिंगमधल्या कोडीच्या म्युझियममध्ये आहेत, फी भरून विचारता येतं. कुठल्या साली बनली, कोणाकडे पाठवली, एवढं कळलं तरी फरक पडतो. शेरीफ पॅट गॅरेटने ज्या कोल्टने बिली द किड या कुप्रसिद्ध गुंडाला मारलं ती २०२१ मध्ये साठ लाख डॉलरच्या वर गेली, तसलीच साधी कोल्ट गोष्टीशिवाय असती तर त्याच्या अगदी छोट्या हिश्श्यात मिळाली असती. आणि हो, भारतात मुलाला नेऊन देऊ वगैरे विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

प्रश्न : वाईहून लिहितोय. माळा साफ करताना पणजोबांची दुनळी सापडली, बारा बोअर, घोडे बाहेरच्या बाजूला, नळीवर इंग्रजी नाव आणि कलकत्ता असं कोरलंय, नळीवर सापाच्या कातडीसारखी नक्षी आहे. लायसन आजोबांच्या नावावर होतं, ते वारले. गंजली आहे, पॉलिश करून घेऊन विकावी म्हणतो. किती येतील?

उत्तर : पॉलिश अजिबात नको आणि विकायचं नंतर बघू, आधी कायद्याचं. आजोबा गेल्यावर ती बंदूक कोणाच्याच लायसनवर नाहीये, म्हणजे ती घरात असणं हाच गुन्हा ठरू शकतो. आजोबांचं लायसनचं पुस्तक आणि मृत्यूचा दाखला घ्या, एखादा वकील बरोबर घ्या, आणि पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक आर्म्स डीलरकडे ती जमा करा, रीतसर पावती घ्या. मग वारस म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन होती, आणि वारसाहक्काने आलेलीही त्या दोनमध्येच धरतात. ज्यांचे वडील किंवा आजोबा हयात आहेत त्यांनी एवढं ध्यानात ठेवा की सत्तर वर्षं वय झालं किंवा हत्यार पंचवीस वर्षं जवळ असलं तर जिवंतपणीच वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज करता येतो. लोक हे करत नाहीत आणि नंतर धावपळ होते.

आता बंदुकीचं. ती सापाच्या कातडीची नक्षी म्हणजे बहुतेक दमास्कस नळी आहे, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेली. ती काळ्या दारूच्या जमान्यातली, त्यात आजचं काडतूस घालायचं नाही, नळी फाटून हात जाईल, हे गंमत म्हणून पण कोणाला करू देऊ नका. आणि पॉलिशवाल्याने ती चाकावर धरली की पहिली ती नक्षीच जाते, मग कोरलेल्या अक्षरांच्या कडा गोल होतात, नळीच्या खालचे लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीचे शिक्के पुसट होतात. म्हणजे ज्यावरून ती बंदूक ओळखायची तेच गेलं. गंज वाढू नये म्हणून पातळ तेलाचं बोट फिरवा, तेही जमा करायच्या आधी डीलरकडूनच करून घेतलंत तर उत्तम.

कलकत्त्याचं नाव आहे म्हणून ती कलकत्त्यात बनली असं समजू नका. मँटन, रॉडा अशी तिथली मोठी दुकानं होती, माल बऱ्याचदा बर्मिंगहॅमहून यायचा आणि वर दुकानाचं नाव कोरलं जायचं. अशा दुनळ्या आपल्याकडे खूप आल्या, त्यामुळे फार मोठा आकडा मनात धरू नका. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स, रिग्बी या नामांकित विलायती बंदूकवाल्यांपैकी कोणाचं नाव असेल तर गोष्ट वेगळी. संस्थानिकांनी त्यांच्याकडून वाघाच्या शिकारीसाठी मोठ्या बोअरच्या दुनळी रायफली करून घेतल्या, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली आणि त्या कपाटात गेल्या, मूळ चामड्याच्या पेटीसकट, म्हणून आज जगभरचे संग्राहक त्यासाठी डोळे लावून असतात. पण शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्याच पुरावस्तू कायद्याखाली येते, खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. लंडनच्या लिलावातला आकडा बघून कोणी तुम्हाला स्वप्न दाखवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आपल्या देशात खरा भाव कशाला आहे तर चालू स्थितीतल्या विलायती पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला. वेबली, स्मिथ अँड वेसन, वॉल्थर. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला हत्यार आयात करणं बंद झालं, त्यामुळे आधी आलेली तेवढीच हातोहात फिरतायत, आणि जी वस्तू अमेरिकेत काहीशे डॉलरला मिळते तिला इथे लाखांत मागणी असते. हा भाव बंदुकीच्या गुणाचा नाही, बंद दरवाजाचा आहे. उद्या आयात खुली झाली तर तो उतरेल, म्हणून फक्त नफ्यासाठी त्यात पैसे घालू नका.

प्रश्न : माझे वडील फौजेत होते, नागपूरला असतो आम्ही. त्यांच्या आठवणीसाठी थ्री नॉट थ्री किंवा इशापूरची रायफल संग्रहाला घेता येईल का? पुढे किंमत येईल का?

उत्तर : तुमची भावना समजते, पण फौजी बोअरची, म्हणजे फौजेच्या काडतुसाच्या मापाची, रायफल आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये येते, सामान्य माणसाला ती मिळत नाही. आणि गंमत बघा, परदेशात मात्र आपल्या इशापूरला मान आहे. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरच्या सरकारी कारखान्याने जुन्या ब्रिटिश एनफिल्डच्या, म्हणजे थ्री नॉट थ्रीच्या, घडणीवरच ७.६२ ची २-ए आणि २-ए-१ काढली, चांगलं पोलाद, बारा गोळ्यांचं चौकोनी मॅगझिन. भंगाराच्या भावात त्या अमेरिकेत गेल्या आणि बराच काळ कोणी विचारत नव्हतं, आता एनफिल्ड जमवणाऱ्याला ती हवीच असते, कारण एवढ्या जुन्या घराण्याची इतक्या उशिरा बनलेली बोल्ट रायफल क्वचितच दिसते. इशापूरचा शिक्का स्पष्ट आणि सगळ्या भागांवर एकच नंबर असेल तर आणखी भाव.

इथे कायद्याने घ्यायचीच तर इशापूरची .३१५ स्पोर्टिंग रायफल आहे, ती लायसनवर मिळते आणि त्याच कारखान्याची आहे. किंमत फार वाढणार नाही, अजून बनते आणि खूप आहेत. पण वडिलांसाठी म्हणून घेत असाल तर घ्या. त्याहीपेक्षा त्यांचं पे-बुक, पदकं, युनिटचे फोटो एका ठिकाणी नीट लावून ठेवा. त्यावर लायसन लागत नाही आणि लष्करी इतिहासाच्या संग्राहकांना असा पूर्ण संच फार क्वचित बघायला मिळतो.

प्रश्न : सिंधुदुर्गात आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. ठासणीची म्हणजे अँटिक ना?

उत्तर : नाही हो. ठासणीची असली तरी ती गेल्या काही दशकांत इथेच बनलेली असणार, वानर-डुकरांसाठी. परवान्यावर बंदुकीचं वर्णन लिहिलेलं असतं ते वाचा. शेतात कामाला येते तोवर वापरा, परवान्याचं नूतनीकरण चुकवू नका.

प्रश्न : मी पुण्यात इतिहासाची विद्यार्थिनी आहे. लायसन नाही, पैसेही नाहीत, पण हा विषय मनापासून आवडतो. जुन्या बाजारात एकाने 'शिवकालीन तोड्याची बंदूक' दाखवली, स्वस्तात देतो म्हणाला. घेऊ का? नाहीतर सुरुवात कशी करू?

उत्तर : घेऊ नका. शोभेसाठी नव्याने बनवलेल्या तोड्याच्या, म्हणजे जळती वात लावून उडवायच्या, बंदुका भरपूर आहेत, ॲसिड लावून, मातीत पुरून जुन्या करतात. खऱ्या जुन्या नळीचा आतला भाग बघा, ती ठोकून जोडलेली असते, आजच्या पाइपसारखी एकसारखी नसते. जिथे हात आणि गाल लागतो तिथे लाकूड झिजलेलं असतं, सगळीकडे सारखं काळं नसतं. आणि खरी निघालीच तर ती पुरावस्तू, मग तिच्या नोंदणीचा प्रश्न येतो आणि विकणाऱ्याकडे त्याचे कागद हवेत. निकामी आणि दुरुस्तही न होणारं जुनं हत्यार शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधून सुटतं, पण ते तसं आहे हे ठरवणारे तुम्ही-आम्ही नाही, परवाना शाखेकडून लेखी घ्यायचं.

तुमच्या विषयाला तुमच्याइतकं कोणी उपयोगी पडणार नाही, कारण या क्षेत्रात आपल्याकडे हत्यारं खूप आणि नोंदी शोधणारी माणसं फार थोडी. भगतसिंगांनी लाहोरला साँडर्सवर झाडलेलं .३२ कोल्ट पिस्तूल कितीतरी वर्षं इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात इतर पिस्तुलांबरोबर पडून होतं, गंज लागू नये म्हणून त्यावर काळा रंग मारलेला, कोणाला पत्ता नाही. रंग खरवडला, खालचा नंबर खटल्याच्या कागदांतल्या नंबराशी जुळला, आणि एका दिवसात ते देशाचं झालं. आता पंजाबात हुसैनीवालाला ठेवलंय. हे काम बंदूक विकत घेऊन झालं नाही, कागद वाचून झालं. नाशिकला १९०९ मध्ये अनंत कान्हेरेंनी जॅक्सनवर झाडलेलं ब्राउनिंग हे लंडनहून सावरकरांनी पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी एक. १९१४ ला कलकत्त्यात रॉडा कंपनीची पन्नास माउझर पिस्तुलं क्रांतिकारकांनी पळवली. यातल्या प्रत्येकाला नंबर होता, आणि त्या नंबरांचा माग काढायला तुमच्यासारखी विद्यार्थिनी हवी.

जमवायचंच असेल तर बंदुकीच्या आजूबाजूचं जमवा. जुन्या दुकानांचे कॅटलॉग, बिलं, संस्थानांच्या काळातली लायसनची पुस्तकं, इली आणि कायनॉखच्या काडतुसांचे रिकामे पत्र्याचे डबे आणि पुठ्ठ्याची खोकी. जिवंत काडतूस एकही नको, त्याला लायसन लागतं. रद्दीवाल्यांकडे आणि जुन्या वाड्यांच्या सामानात हे अजून मिळतं आणि बहुतेक लोक फेकून देतात. रविवारी केळकर संग्रहालयात जा, नंतर एकदा मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं शस्त्रदालन बघा, वही घेऊन जा आणि नुसतं बघू नका, कुंदा, चाप, घोडा, नळीचं तोंड एकेक काढून रेखाटा. काही अडलं तर इथेच लिहा, रेखाटन सोबत पाठवलंत तर उत्तर नीट देता येईल.