पी-टू-पी कर्जात तडजोड: पन्नास हजारांची सवलत नेमकी कशावर?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वाकडला राहता, हिंजवडीतली नोकरी गेली आणि पी-टू-पी (म्हणजे माणसांनी माणसांना ॲपच्या मध्यस्थीने दिलेल्या) कर्जाचे हप्ते थकले. मुद्दल १ लाख ६० हजार उरलंय, व्याज आणि दंड धरून ॲपवर २ लाख २ हजार दिसतात. वसुलीवाला म्हणतो, "आज संध्याकाळपर्यंत भरलंत तर पन्नास हजार सोडतो." शिवाय पोलिसांची भीती घालतो आणि सासूबाईंनाही फोन करतो. भावाने दिलेले धरून तुमच्याकडे ९५ हजार आहेत. एवढ्यात मिटेल का?

मिटू शकतं. पण आज संध्याकाळपर्यंत नाही, आणि त्या माणसाशी फोनवर बोलून तर नाहीच.

आधी त्या पन्नास हजारांचा हिशेब करा. २ लाख २ हजारांतून पन्नास गेले की १ लाख ५२ हजार उरतात. सोडलेल्या पन्नासातले ४२ हजार व्याज-दंडाचेच आहेत. म्हणजे मुद्दलात सूट फक्त ८ हजारांची. यापुढे कोणीही आकडा सांगितला की तो मुद्दलाशी ताडून बघा. तुमचे ९५ हजार मुद्दलाच्या साधारण ५९ टक्के होतात. एवढ्यावर मिटवायचं तर व्याज-दंड पूर्ण माफ होऊन शिवाय मुद्दलातही ६५ हजार सोडावे लागतील. ते कोणी सोडायचे, हा खरा प्रश्न आहे.

मी बरीच वर्षं एका सहकारी बँकेच्या वसुली खात्यात होतो. बँकेत थकीत कर्जासाठी नफ्यातून तरतूद करावी लागते, त्यामुळे मार्चअखेर जवळ आली की मॅनेजर आपोआप मऊ होतो. यूट्यूबवरचे सगळे 'सेटलमेंट गुरू' हेच गणित शिकवतात. पी-टू-पीत ते चालत नाही, कारण पैसा प्लॅटफॉर्मचा नसतोच. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०१७ च्या नियमांनुसार प्लॅटफॉर्म हा मध्यस्थ. कर्ज देणारी माणसं वेगळी, आणि एका माणसाला एका कर्जदाराला सगळ्या प्लॅटफॉर्मवर मिळून ५० हजारांच्या वर देता येत नाही. म्हणजे तुमच्या कर्जामागे किमान चार जण आहेत; रक्कम बारीक तुकड्यांत वाटली असेल तर बरेच जास्त. प्लॅटफॉर्मला त्यांना हमी देता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये नियम आणखी कडक झाले आणि बुडीत रकमेचा तोटा देणाऱ्यांनीच सोसायचा हे स्पष्ट झालं. तुम्ही मुद्दलात मागता ती सूट कुठल्या तरी शिक्षकाच्या किंवा निवृत्त माणसाच्या खिशातून जाते. त्यांचे फोन-पत्ते तुम्हाला मिळणार नाहीत, तेव्हा बोलणी प्लॅटफॉर्ममार्फतच करायची.

म्हणून पहिलं काम कर्जाचा करार उघडणं. ॲपमध्ये किंवा ईमेलवर पीडीएफ असेल. त्यात दोन गोष्टी बघा. एक, कर्ज देणारा म्हणून कोणाचं नाव आहे. एकाच फायनान्स कंपनीचं असेल तर ते पी-टू-पी नव्हेच, आणि देणाऱ्यांबद्दल मी वर लिहिलंय ते तुम्हाला लागू नाही. दोन, तडजोड करायचा अधिकार देणाऱ्यांनी प्लॅटफॉर्मला आधीच दिलाय, की दरवेळी त्यांची संमती घ्यावी लागते. संमती लागत असेल तर वेळ लागणार हे धरून चाला. फोनवरच्या पोराला यातलं काहीच माहीत नसतं. त्याला महिनाअखेरचं टार्गेट गाठायचं असतं, बस.

मग प्लॅटफॉर्मच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचा पत्ता वेबसाइटवर असतो. रडगाणं नको, कागद जोडा: कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, गेल्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, बाकी कर्जांची यादी. लिहा की एकरकमी ७५ हजार भरायची तयारी आहे, पैसे भाऊ देतोय, अमुक तारखेपर्यंत हातात आहेत. ९५ चा आकडा आत्ताच उघड करू नका. आणि तडजोड करायचा अधिकार कोणाचा आणि तो कुठल्या कलमाने, हे त्याच ईमेलमध्ये विचारून टाका. या एका प्रश्नाने प्रकरण कॉल सेंटरमधून बाहेर निघून जरा वरच्या टेबलावर जातं.

माझा अंदाज विचाराल तर दंड सहज सुटतो, व्याज थोड्या घासाघिशीने सुटतं, मुद्दलाच्या खाली उतरायला मात्र वेळही लागतो आणि पटणारं कारणही. एक-दोनदा नकार येईल. तो अंतिम समजू नका. पाच-दहा हजाराच्या तुकड्यासाठी एकटा देणारा कोर्टात जाणं अवघड, आणि हे प्लॅटफॉर्मलाही कळतं. "हप्त्यांत सेटलमेंट" देऊ केली तर अटी दोनदा वाचा. बहुतेक वेळा एक हप्ता चुकला की सवलत रद्द आणि सगळी थकबाकी पुन्हा डोक्यावर.

तडजोडीचं पत्र हातात आल्याशिवाय रुपयाही भरू नका. पत्र प्लॅटफॉर्मच्या अधिकृत ईमेलवरून हवं. त्यात कर्ज क्रमांक, ठरलेली रक्कम, शेवटची तारीख आणि "यानंतर कोणत्याही देणाऱ्याचं काही येणं उरत नाही" असं वाक्य हवं. पैसे एस्क्रो खात्यातच (प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या पैशांपासून वेगळ्या, त्रयस्थाच्या देखरेखीखालच्या बँक खात्यात) जायला हवेत. वसुलीवाल्याच्या वैयक्तिक यूपीआयवर टाकले तर ते गेले असंच समजा. आणि आगाऊ फी घेऊन 'आम्ही मिटवून देतो' म्हणणाऱ्या एजन्सीच्या नादी तर अजिबात लागू नका. ९५ हजारांतून फी काढून दिलीत तर देणाऱ्यांसमोर ठेवायला काय उरणार?

पोलिसांची भीती घालतायत म्हणालात. कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी अटक होत नाही. मात्र चेक बाउन्स झाला असेल तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८, आणि बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता पैशांअभावी परत गेला असेल तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ लागू शकतं. तशी नोटीस आली तर वकील गाठा. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला मनाई आहे. सासूबाईंना फोन करून बदनामी करणं तर कुठल्याच वेळी चालत नाही. स्क्रीनशॉट आणि कॉलच्या नोंदी ठेवा, आधी प्लॅटफॉर्मकडे लेखी तक्रार करा आणि महिन्यात उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींसाठीच्या सीएमएस पोर्टलवर टाका. हे रेकॉर्ड बोलणीतही उपयोगी पडतं.

लवादाची (कोर्टाबाहेर वाद सोडवणाऱ्या पंचाची) नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका. एका बाजूने परस्पर नेमलेल्या लवादाला आक्षेप घेता येतो, पण तो लेखी आणि वेळेत नोंदवायला हवा. शिवाजीनगर कोर्टातल्या लोकअदालतीची नोटीस आली तर मात्र जरूर जा. दावा दाखल होण्याआधीची प्रकरणंही तिथे घेतात, कोर्ट फी नसते आणि आकडा पटला नाही तर सही न करता परत येता येतं. सही करण्याआधी नीट विचार करा, कारण त्या निवाड्यावर अपील नाही. वकील परवडत नसेल तर तिथेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तुमचं कर्ज पत्नीच्या नावावर असेल तर हे लक्षात ठेवा.

शेवटी सिबिल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीचा इतिहास दाखवणारा क्रेडिट अहवाल. कमी रकमेत मिटवलं की अहवालात 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' लागतं, आणि पुढे गृहकर्ज मागताना बँक त्यावर बोट ठेवते. दोन-तीन वर्षांत फ्लॅट घ्यायचा विचार असेल तर फक्त व्याज-दंड माफ करून घेऊन मुद्दल पूर्ण फेडणं मी पसंत करीन, त्यासाठी उरलेल्या ६५ हजारांना मुदत मागावी लागली तरी. तसा विचार नसेल तर 'सेटल्ड' घ्या आणि मोकळे व्हा. पैसे भरल्यावर बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही याचं पत्र) मागून घ्या आणि महिना-दीड महिन्याने असे अहवाल बनवणाऱ्या चारही क्रेडिट कंपन्यांचे (सिबिल त्यातली एक) अहवाल काढा. वर्षातून एकदा ते फुकट मिळतात. थकबाकी तशीच दिसत असेल तर तक्रार टाका. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायचा नियम आहे.