मोठा खेळाडू नसलेल्या स्टॉपरला प्रशिक्षक होता येईल का?

कोल्हापूरहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा 19 वर्षांचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातून स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, खेळतो. राज्य संघाच्या निवड चाचणीला दोनदा गेला, दोन्ही वेळा नाव लागलं नाही. आता तो म्हणतो, ब्राझीलचे लुईस फेलिपे स्कोलारीसुद्धा साधे बचावपटूच होते आणि पुढं वर्ल्डकप जिंकणारे प्रशिक्षक झाले, मलाही तेच करायचंय. वडिलांचे प्रश्न तीन: यात काही अर्थ आहे का, त्यासाठी कॉलेज सोडू द्यावं का, आणि युरोपातला तीन महिन्यांचा कोचिंग कोर्स साडेचार लाखांत करून देतो म्हणणाऱ्या एजंटला पैसे द्यावेत का?

उत्तर:

मुलानं उदाहरण अगदी योग्य निवडलंय. फक्त सुरुवात आणि शेवट पाहिला, मधली वीस वर्षं त्याच्या नजरेतून सुटली. तुम्हाला निर्णय घ्यायचाय तो त्या वीस वर्षांकडे बघून.

स्कोलारी 1948 साली दक्षिण ब्राझीलमधल्या पासो फुंदो गावी जन्मले. सेंटर बॅक म्हणजेच स्टॉपर म्हणून ते काशियस, जुव्हेंतुदे अशा प्रांतिक क्लबांकडून खेळले. काशियसचे कर्णधारही होते. पण ब्राझीलची पिवळी जर्सी त्यांना एकदाही मिळाली नाही. पायात फारशी कला नव्हती, त्यामुळे लोक त्यांना ‘पेर्ना दे पाउ’, म्हणजे लाकडी पायाचा, असंच म्हणायचे. शेवटचा क्लब मासेयो शहरातला सीएसए. तिथंच बूट काढून ठेवले आणि 1982 मध्ये त्याच क्लबचे प्रशिक्षक झाले. हे जमलं, कारण शारीरिक शिक्षणाचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं होतं, शाळेत पीटी शिकवली होती. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो: कॉलेज अजिबात सोडू देऊ नका.

मग तो मधला भाग. सौदीचा अल शबाब, कुवेतचा कादसिया, कुवेतचा राष्ट्रीय संघ (1990 चा गल्फ कप त्यांनी जिंकला), मध्येच ब्राझीलमधले लहान-मोठे क्लब, आणि 1997 मध्ये जपानचा जुबिलो इवाता. तिशीचा उत्तरार्ध आणि चाळिशी अशा फिरतीत गेली. जिथं काम मिळेल तिथं जायचं, सामान फार उघडायचं नाही. त्यांचे सहायक फ्लाव्हिओ मुर्तोसा वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर फिरले. विश्वासाचा सहायक असणं हे या धंद्यातलं मोठं भांडवल आहे. मुलाला सांगा, तालमीतला एखादा समंजस जोडीदार आतापासून बरोबर घे.

या काळातली एक गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे. 1991 मध्ये स्कोलारी क्रिसियुमा या छोट्या शहरातल्या क्लबकडे होते. कोपा दो ब्राझील या देशव्यापी क्लब स्पर्धेच्या अंतिम फेरीत समोर पोर्तो अलेग्रेचा बलाढ्य ग्रेमिओ. अंतिम फेरी दोन सामन्यांची, आणि तेव्हा दोन्ही मिळून बरोबरी झाली तर परक्या मैदानावरचा गोल जड धरायचे. क्रिसियुमानं पोर्तो अलेग्रेला 1-1 केलं आणि घरच्या मैदानावर 0-0 करून कप उचलला. दुसऱ्या सामन्यात त्यांना गोल करायची गरजच नव्हती, फक्त दार लावून ठेवायचं होतं. कुठं धोका पत्करायचा आणि कुठं नाही, हा हिशेब स्टॉपरच्या डोक्यात खेळतानाच सुरू असतो, कारण संपूर्ण मैदान त्याच्यासमोर असतं. चांगला बचावपटू पुढं चांगला प्रशिक्षक होऊ शकतो, त्याचं खरं कारण हेच.

स्कोलारींनी ब्राझीलला जिंकून दिलेला 2002 चा वर्ल्डकप मुलानं पुन्हा बघावा, पण रोनाल्डोकडे न बघता मागच्या तिघांकडे बघावं: लुसिओ, एदमिलसन, रोके ज्युनियर. उजवीकडून काफू आणि डावीकडून रॉबर्तो कार्लोस वर गेले की हे तिघं रुंद पसरायचे. चेंडू आपल्याकडे असेल तर एदमिलसन मधल्या फळीत सरकायचा आणि गिल्बर्तो सिल्वा त्यांच्यासमोर खुंट्यासारखा उभा. हा गिल्बर्तो मुळात पहिल्या पसंतीचा नव्हता. कर्णधार इमर्सन पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी सरावात खांदा निखळून बाहेर गेला, म्हणून तो आत आला. सात सामने, साती जिंकले, 18 गोल केले, फक्त 4 खाल्ले. (यातला लुसिओ पुढं 2015 मध्ये एफसी गोवाकडून खेळला, तेव्हा आपल्याकडच्या अनेकांनी त्याला फातोर्ड्याच्या मैदानावर प्रत्यक्ष पाहिलंय.)

त्यानंतर लगेच 8 जुलै 2014 ची बेलो होरिझोंतेची मॅचही बघायला लावा. तेच स्कोलारी, तोच देश, आणि जर्मनीकडून 1-7. बचावातला कर्णधार थियागो सिल्वा पिवळ्या कार्डांमुळे बाहेर, नेयमार पाठीच्या दुखापतीनं बाहेर. तरी संघ धाडसानंच मांडला. डाव्या बाजूनं मार्सेलो वर, दाविद लुईस आपली जागा सोडून पुढं, मधल्या दोघांच्या मागं मोकळं मैदान. 23 व्या ते 29 व्या मिनिटात चार गोल पडले. मुलाला वही घेऊन बसवा आणि त्या सहा मिनिटांत प्रत्येक गोलाच्या वेळी कोणता बचावपटू कुठं होता, हे आकृती काढून मांडायला सांगा. त्यात त्याला रस वाटला तर तो या कामाचा आहे. कंटाळा आला तर त्याला फक्त खेळायला आवडतं, आणि त्यातही काही वाईट नाही.

तो पराभव झाला तेव्हा स्कोलारी 65 वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी चीनच्या ग्वांगझूला जाऊन त्यांनी आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकली. इंग्लंडच्या चेल्सी क्लबनं मात्र 2009 मध्ये त्यांना सात महिन्यांतच काढलं होतं. प्रशिक्षकाची नोकरी अशीच असते. करारात मुदतीआधी काढलं तर किती पैसे मिळणार, हे लेखी असल्याशिवाय सही करायची नाही, अगदी गावातल्या अकादमीतसुद्धा.

आता इथली वाट. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ‘डी’ प्रमाणपत्रापासून पुढं आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि प्रो अशा पायऱ्या आहेत. महाराष्ट्रात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे चौकशी करायची. पायऱ्यांमध्ये प्रत्यक्ष संघ शिकवल्याचा अनुभव मागतात, त्यामुळे घाई करून वरचा परवाना मिळत नाही. मुलगा 19 चा आहे, डी साठी बसू शकतो. पदवी झाली की दोन वर्षांचं बी.पी.एड. किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची (एनआयएस) प्रशिक्षण पदविका, यातलं एक करावं. शाळेतली नोकरी हा त्याचा पाया राहील. क्लबनं काढलं तरी घर चालेल. स्वतः बचावपटू असलेले गोव्याचे डेरिक परेरा मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला आणि पुढं पुणे एफसीला प्रशिक्षक होते. म्हणजे ही वाट आपल्या मुलखातूनही जाते.

डी कोर्सची वाट बघत बसू नका. उद्यापासून तालमीतली 12 वर्षांखालची 18 मुलं घ्या, आठवड्याला तीन दिवस, सव्वा तास. नवीन प्रशिक्षकाची सर्वांत मोठी चूक इथंच होते: सगळ्या पोरांना एका रांगेत उभं करून शूटिंग घ्यायचं. एकाला दहा सेकंद लागले तर 18 जणांच्या रांगेत प्रत्येकाचा नंबर तीन मिनिटांनी येतो. वीस मिनिटांत सहा-सात वेळा चेंडूला पाय लागला, बाकी वेळ पोरं चिमटे काढतात. सहा-सहाच्या तीन रांगा केल्या की तेवढ्याच वेळात वीस वेळा. त्यासाठी खुणेचे प्लॅस्टिकचे कोन, तीन ठिकाणं आणि किमान सहा चेंडू लागतात, ते आधी मांडून ठेवायचे, पोरं आल्यावर नाही. शेवटी वीस मिनिटं चार विरुद्ध चार अशा छोट्या मैदानावरच्या दोन मॅच खेळवायच्या, उरलेल्या दोघांनी आळीपाळीनं आत यायचं. ओरडून शिकवायचं नाही. खेळ थांबवायचा, एकाच मुलाला जागा दाखवायची, पुन्हा सुरू करायचा, सगळं तीस सेकंदांत. प्रत्येक सरावानंतर वहीत तीन ओळी: काय ठरवलं, काय झालं, उद्या काय बदलायचं. वरच्या परवान्यांना अशी सत्रं लिहून दाखवावी लागतात, तेव्हा ही सवय उपयोगी पडेल.

भाषेकडेही आतापासून लक्ष द्या. पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक असताना स्कोलारींना खेळाडूंशी आपल्याच भाषेत बोलता आलं आणि 2004 च्या युरोत संघ अंतिम फेरीत गेला. इंग्लंडमध्ये ती सोय नव्हती. मुलाचं हिंदी-इंग्रजी मैदानावर सहज बोलता येण्याइतकं पक्कं हवं, कारण वरचे अभ्यासक्रम आणि परगावचे संघ मराठीत चालत नाहीत.

राहिले एजंटचे साडेचार लाख. त्याला लेखी विचारा: शेवटी मिळणारा कागद युरोपीय महासंघ यूएफाचा परवाना आहे का? असेल तर तो कोणत्या देशाच्या राष्ट्रीय महासंघाकडून, कोणत्या पातळीचा, आणि प्रवेशासाठी आधी कोणता परवाना लागतो? की अकादमीचं स्वतःचं प्रमाणपत्र? दुसरं असेल तर त्यावर भारतात डी पासूनच सुरुवात करावी लागेल. मग त्यापेक्षा तेच पैसे बाजूला ठेवा, बी आणि ए परवान्याच्या वेळी प्रवास, राहणं आणि फीसाठी लागतील. लेखी उत्तर आलं नाही तर एक रुपयासुद्धा देऊ नका.