टीव्हीवरील स्टँड-अप कार्यक्रमांची कॅप्शन विनोद आधीच का फोडतात?

तुम्हाला कमी ऐकू येते, म्हणून तुम्ही कॅप्शन लावून स्टँड-अपचे कार्यक्रम पाहता. पण घरातले सगळे हसतात तेव्हा तुमच्या पडद्यावरचे वाक्य एक तर कधीच वाचून झालेले असते किंवा अजून यायचेच असते. शब्द बरोबर असताना अशा कॅप्शनला वाईट म्हणणे योग्य आहे का, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते ते अगदी योग्य आहे. मी काही वर्षांपासून ध्वनिमुद्रित कार्यक्रमांची कॅप्शन लिहितो. बातमीत शब्द उशिरा आला तर माहिती उशिरा मिळते, पण स्टँड-अपमध्ये शब्द चुकीच्या क्षणी आला तर प्रेक्षकाला विनोद मिळतच नाही, हे या कामातून माझ्या मनावर पक्के ठसले आहे.

आधी विनोद फुटतो कसा ते पाहू. समजा, कलाकार म्हणतो, ‘मी डॉक्टरांचे सगळे ऐकले, गोळ्या आणल्या, वेळापत्रक भिंतीवर चिकटवले आणि एकही गोळी घेतली’, मग क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘नाही’. आपल्या भाषेत क्रियापद आणि नकार शेवटी येतात, त्यामुळे कलाटणी पुष्कळदा शेवटच्या एका शब्दात दडलेली असते. कॅप्शन लिहिणाऱ्याने हे सारे वाक्य एकाच चौकटीत टाकले, तर वाचणाऱ्याची नजर कलाकाराच्या जिभेपेक्षा वेगाने धावते आणि तो थांबण्याआधीच ‘नाही’पाशी पोहोचते. त्या थांबण्यात कलाकाराने जे कौशल्य ओतलेले असते, ते तुमच्यापुरते वाया जाते. उपाय अवघड नाही. वाक्य तोडावे, शेवटचा शब्द वेगळ्या कॅप्शनमध्ये ठेवावा आणि कलाकाराचे ओठ हलतील त्याच क्षणी तो पडद्यावर आणावा. बीबीसीच्या सबटायटलविषयक मार्गदर्शक सूचनांतही विनोदाची कलाटणी आधीच्या मजकुरापासून शक्यतो वेगळी ठेवावी, आणि हावभाव हाच विनोद असेल तिथे पडदा मोकळा ठेवावा, असे सांगितलेले आहे. मोकळा पडदा हाही कॅप्शनचाच भाग आहे, हे माझ्या व्यवसायातल्या अनेकांना अजून पटलेले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उशिराचे कारण निराळे आहे. कॅप्शन मुख्यतः दोन पद्धतींनी दिसतात. ‘पॉप-ऑन’ पद्धतीत आधी तयार करून वेळ लावलेला मजकूर एकदम उमटतो. ‘रोल-अप’ पद्धतीत ओळी खालून वर सरकत जातात आणि ही पद्धत प्रामुख्याने थेट प्रक्षेपणासाठी वापरली जाते. थेट काम करणारा स्टेनोग्राफर मिनिटाला 225 शब्द टिपण्याइतका तरबेज असला, तरी ऐकणे, टिपणे आणि मजकूर प्रसारणात मिसळणे यात काही सेकंद जातातच. तेवढ्यात हशा ओसरून कलाकार पुढच्या किश्श्यावर गेलेला असतो. थेट प्रक्षेपणात ही मर्यादा मी समजू शकतो. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या नियमांत, ध्वनिमुद्रण झाल्यापासून 24 तासांच्या आत प्रथम प्रसारित होणाऱ्या कार्यक्रमांचा वेगळा वर्ग मानला आहे. संध्याकाळी मुद्रित होऊन रात्री दाखवल्या जाणाऱ्या कार्यक्रमांतला स्टँड-अपचा भाग त्यात बसतो, आणि तिथेही वेळ खरोखरच कमी असतो. परंतु कित्येक महिने आधी मुद्रित झालेल्या तासाभराच्या कार्यक्रमाला जेव्हा थेट प्रक्षेपणासारखी सरकती, मागे रेंगाळणारी कॅप्शन लावलेली दिसतात, तेव्हा त्यामागे केवळ पैसे आणि कष्ट वाचवण्याचा विचार असतो.

आणखी एक दोष तयार कॅप्शनमध्येही शिरतो. मूळ कार्यक्रम प्रक्षेपणाच्या वेळेत बसवण्यासाठी कापला जातो, जाहिरातींसाठी तुकडे पाडले जातात, आणि कॅप्शनची फाइल मात्र जुन्याच संकलनाची राहते. माझ्या एका कामात असेच घडले. एका वाहिनीने माझ्याकडून फाइल घेतल्यानंतर मधला एक किस्सा काढून टाकला आणि मला कळवले नाही. त्यामुळे पुढच्या अर्ध्या भागातली सगळी कॅप्शन मागे पडली. एकही शब्द चुकला नव्हता, तरी त्या अर्ध्या भागात कॅप्शन वाचणाऱ्याला एकही विनोद वेळेवर मिळाला नसणार.

कोटी हा तर स्वतंत्र विषय आहे. ‘शिक्षक दिन’ आणि ‘शिक्षक दीन’ कानाला सारखेच लागतात, पण लिहिताना ऱ्हस्व की दीर्घ हे ठरवावेच लागते. लिहिणाऱ्याने पहिल्याच उल्लेखात ‘दीन’ लिहिले, तर दुसरा अर्थ उघडा पडला. म्हणून ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम जो अर्थ येईल तोच लिहावा आणि दुसरा अर्थ कलाकार उलगडेल तेव्हाच येऊ द्यावा, असा नियम मी स्वतःपुरता पाळतो. आपोआप कॅप्शन तयार करणाऱ्या संगणकप्रणालीकडून मला इथे फारशी आशा नाही. वाक्य विनोदाकडे वळते आहे हे तिला उमगले, तरच ती असा विचार करू शकेल.

गाळलेल्या शब्दांविषयी माझे मत ठाम आहे. आवाजात शिवी ‘बीप’ने झाकली असेल, तर कॅप्शनमध्येही ती झाकावी, आवाजात ती स्पष्ट ऐकू येत असेल, तर कॅप्शन लिहिणाऱ्याने सोवळेपणाने ती पुसू नये. ऐकणाऱ्या प्रौढाला जे ऐकवले जाते ते वाचणाऱ्या प्रौढापासून लपवणे हा त्याचा अपमान आहे. कलाकार आवाज बदलून आईची किंवा साहेबांची नक्कल करतो तेव्हा ‘आईच्या आवाजात’ एवढी नोंद हवी. प्रेक्षकांतून कोणी काही ओरडले आणि ते समजत असेल, तर ते शब्द लिहायला हवेत. नाही तर कलाकाराचे उत्तर अधांतरी राहते.

तुम्ही तक्रार करणार असाल, तर ‘कॅप्शन वाईट आहेत’ एवढेच लिहू नका. अमेरिकेत 2014 साली ठरवलेल्या कॅप्शनच्या चार कसोट्या इतरत्रही मांडणीला उपयोगी पडतात: अचूकता, आवाजाशी वेळेचा मेळ, संपूर्णता आणि पडद्यावरची जागा. शब्द बरोबर असले तरी दुसऱ्या कसोटीवर ही कॅप्शन नापास होतात, हे स्पष्ट लिहा. सोबत वाहिनी, कार्यक्रम, तारीख आणि नेमकी वेळ द्या, आणि शक्य असल्यास ज्या क्षणी प्रेक्षक हसले त्या क्षणी तुमच्या पडद्यावर कोणते वाक्य होते, ते जसेच्या तसे लिहून पाठवा. असा एक नेमका क्षण हाताशी असला, की तक्रार तपासणाऱ्याला ती फाइल उघडून तिथेच पाहता येते.