डॅपल डॅशहाउंड मादीला डॅपलच नर लावला तर सगळी पिल्लं डॅपल होतील का?

नाही होणार. आणि खरं सांगायचं तर ही जोडी लावूच नका.

तुमचा प्रश्न इतरांसाठी थोडक्यात मांडते. डिचोलीला तुमच्याकडे दोन वर्षांची डॅपल, म्हणजे फिक्या-गडद चट्ट्यांची, डॅशहाउंड कुत्री आहे. म्हापशाच्या एका गृहस्थांकडे तसाच डॅपल नर आहे आणि एका पिल्लाच्या बोलीवर ते मेटिंगला तयार आहेत. दोघंही डॅपल म्हणजे सगळी पिल्लं डॅपल, आणि डॅपलला साध्या काळ्या पिल्लाहून चांगला दर येतो, असं त्यांनी तुम्हाला सांगितलंय. मी फोंड्याला बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते आणि आमच्या घरी सासऱ्यांच्या वेळेपासून डॅशहाउंड आहेत, म्हणून वर्गातलं आणि घरातलं दोन्ही सांगते.

डॅशहाउंडमध्ये ज्याला डॅपल म्हणतात त्यालाच इतर जातींत मर्ल म्हणतात, गोष्ट एकच. कुत्र्याच्या केसांत रंगद्रव्यं मुळात दोन: एक काळं, ज्याच्यापासून चॉकलेटी आणि निळसर छटाही येतात, आणि दुसरं लाल-पिवळं. मर्ल फक्त काळ्यावर काम करतं. पावसाळ्यात चुन्याच्या भिंतीचे पोपडे निघावेत तसा काळा रंग मधूनमधून फिका पडतो आणि उरलेले गडद तुकडे त्यात उठून दिसतात. २००६ साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या संशोधकांनी याचं कारण शोधलं. पीएमईएल नावाच्या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसून बसलेला असतो. हा तुकडा सगळ्या कुत्र्यांत सारख्या लांबीचा नसतो. लांब असला तर मर्ल ठसठशीत दिसतं, आखूड असला तर जेमतेम दिसतं किंवा मुळीच दिसत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक बापाकडून. तुमच्या मादीत एक प्रत मर्ल आणि एक साधी असणार, त्या नरातही तेच. अशा जोडीत प्रत्येक पिल्लाला साधं होण्याची शक्यता २५ टक्के, एकेरी मर्ल होण्याची ५० टक्के आणि दुहेरी मर्ल होण्याची २५ टक्के. या शक्यता चार घरांचा चौकोन आखून काढतात, आणि तो माझी मुलं डोळे मिटून काढतात. पण इथे एक गफलत बहुतेकांची होते. चारात एक म्हटल्यावर "चार पिल्लांत एखादंच, चालतंय की" असं वाटतं. प्रत्येक पिल्लाचं नशीब वेगळं ठरतं. चार पिल्लं झाली तर त्यांत किमान एक दुहेरी निघण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के येते. न निघण्यापेक्षा निघण्याचाच संभव जास्त.

आता हाच चौकोन डॅपल मादी आणि साधा नर घेऊन काढा. निम्मी पिल्लं साधी, निम्मी डॅपल. म्हणजे चांगल्या, एकेरी डॅपल पिल्लांचं प्रमाण दोन्ही जोड्यांत सारखंच, निम्मं. डॅपलला डॅपल लावून तुम्हाला हाती काय लागतं, तर साध्या पिल्लांतली निम्मी जाऊन त्यांच्या जागी दुहेरी येतात. तुमचे ते म्हापशाचे गृहस्थ फायद्याचं म्हणून जे सांगतायत त्यात पैशाच्या हिशेबानंसुद्धा फायदा नाही.

दुहेरी मर्लचं दुखणं केसांपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. रंगपेशी गर्भात पाठीच्या कण्याच्या बाजूनं निघून शरीरभर पसरतात. त्वचेत जातात, डोळ्यांत जातात आणि कानाच्या आतल्या शंखातही जातात. तिथे त्यांचं काम रंग देण्याचं नसतं, ऐकणाऱ्या पेशी जिवंत ठेवणारा द्रव त्यांच्यामुळे नीट राहतो. त्या पोचल्याच नाहीत तर पिल्लू जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच ऐकणाऱ्या पेशी मरतात आणि पुन्हा येत नाहीत. २००९ साली लुईझियाना स्टेट विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्रेन आणि सहकाऱ्यांनी १५३ मर्ल कुत्र्यांचे कान तपासले. एकेरी मर्लमध्ये सुमारे ३.५ टक्के कुत्री एका किंवा दोन्ही कानांनी बहिरी निघाली, दुहेरीत २५ टक्के. डोळ्यांचं वेगळंच: बुबुळ लहान राहणं, बाहुली मध्यावर नसणं, कधीकधी डोळा नावापुरताच असणं.

आमच्या वाड्यापलीकडे एका घरी असा एक कुत्रा आहे. कुणाकडून घेतला ते सोडून देऊ. अंग बहुतेक पांढरं, एक डोळा निळा, त्यातली बाहुली खाली घसरलेली आणि गोल नाही, कडा दातेरी. उन्हात तो डोळा मिटूनच घेतो, कारण ती बाहुली आकसत नाही. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर पोंव पोंव करत आला की वाड्यातली झाडून सगळी कुत्री भुंकायला लागतात, हा सोप्यावर तसाच झोपलेला असतो. हात लावला की दचकून चावायला उठतो. घरातली माणसं जीव लावणारी आहेत, पायानं जमिनीवर थाप मारून त्याला उठवतात, म्हणून त्याचं निभतंय. विकलेलं प्रत्येक पिल्लू अशा घरात जाईल याची खात्री कोण देणार?

इथे मधेच एक सांगून टाकते, कारण हे लिहिलं की कुणीतरी घाबरून विचारतंच. तुमच्याकडचा पांढरा स्पिट्झ किंवा पॉमेरेनियन बहिरा असायचं काही कारण नाही. त्यांचा पांढरा म्हणजे लाल-पिवळं रंगद्रव्य फिकं होत होत गेलेलं. रंगपेशी जागेवर असतात, म्हणून तर नाक आणि डोळ्यांच्या कडा काळ्याभोर असतात.

यातूनच दुसरी अडचण निघते, आणि डॅपल नर टाळणारी माणसंही इथे फसतात. मर्ल काळ्यावरच काम करतं म्हटलं ना? मग ज्या कुत्र्याच्या अंगावर काळा केसच नाही त्याच्यावर ते दिसणार कुठे? क्रीम किंवा स्वच्छ लाल रंगाचा नर साधा वाटतो आणि पोटात मर्ल घेऊन फिरत असतो. वर सांगितलेला आखूड तुकडा असलेला नरही असाच गुपचूप. काही लाल पिल्लांना जन्मतः पाठीवर फिके चट्टे असतात, पण काही आठवड्यांत ते मावळतात. म्हणून वीण झाल्या झाल्या प्रत्येक पिल्लाचे फोटो काढून ठेवावेत. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना घेऊन मर्लची डीएनए चाचणी होते. हल्ली तो नमुना कुरियरनं लॅबला पाठवता येतो. तुमच्या डॉक्टरांना विचारा.

तर नर कसला बघायचा? तुमच्या मादीसाठी काळा आणि तांबूस, म्हणजे ब्लॅक अँड टॅन, चाचणीत मर्ल नसलेला. अंगावर मोठे पांढरे पट्टे असलेला पायबॉल्ड नको, कारण पांढऱ्यावर मर्ल ओळखायला कठीण जातं आणि पायबॉल्डपणाचाही कानाशी संबंध आहे. निळा किंवा इझाबेला या फिक्या रंगांच्या मागे तर अजिबात लागू नका. त्या रंगाच्या काही कुत्र्यांचे पाठीवरचे केस मोठेपणी गळतात, त्वचेला फोड येतात, आणि आपल्याकडच्या दमट हवेत अशी त्वचा सांभाळणं म्हणजे वर्षभराचं औषधपाणी.

पण माझं ऐकाल तर रंग सगळ्यात शेवटी बघा. डॅशहाउंड विकत घेताना माणसं रंग विचारतात आणि नंतर रडतात पाठीसाठी. आखूड पाय आणि लांब पाठ ज्या जनुकीय बदलांमुळे येते त्यांतल्याच एकामुळे मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक होतात आणि सरकतात. हा बदल या जातीत जवळजवळ सगळ्यांतच असल्यानं चाचणी करून फारसं काही निवडता येत नाही. घराणं बघायचं. नराचे आईबाप, भावंडं, कुणाचे मागचे पाय गेले होते का? हा त्रास बहुतेक तीन ते सात वर्षांच्या दरम्यान दिसतो, म्हणून दीड वर्षाच्या देखण्या नरापेक्षा पाच वर्षांचा, उड्या मारणारा, पाठ शाबूत असलेला नर मी कधीही पसंत करीन. मिनिएचर डॅशहाउंडमध्ये दृष्टी हळूहळू जाण्याचा एक आनुवंशिक आजारही आहे, त्याचीही डीएनए चाचणी मर्लबरोबरच उरकून घ्या.

मेटिंगआधी दोघांचीही ब्रुसेल्लाची रक्ततपासणी हवी. तो जंतू जोडीतून पसरतो, गर्भ पडतो, आणि माणसालाही होतो. शिवाय आपल्या गोव्यात गोचिडी बारा महिने. गोचीड-तापानं रक्तातल्या प्लेटलेट कमी झालेल्या मादीचं सिझेरियन करायची पाळी आली तर रक्त थांबत नाही. छोट्या जातींत सिझेरियनची वेळ येऊ शकते, हे धरूनच चला. गाभण काळ साधारण ६३ दिवसांचा, तेव्हा कॅलेंडर घेऊन बसा. ऐन पावसाळ्यात, वीज गेलेली, रात्री दोनला डॉक्टर फोन उचलेना, अशा वेळी विण्याची तारीख येत असेल तर पुढच्या माजापर्यंत थांबलेलं बरं.

कायद्याचं म्हणाल तर २०१७ चे केंद्राचे कुत्रे प्रजनन आणि विक्रीचे नियम आहेत. विक्रीसाठी पिल्लं काढणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी १८ महिन्यांच्या आत नको, आठ वर्षांनंतर नको, बारा महिन्यांत एकच वेत, आयुष्यात जास्तीत जास्त पाच. पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय विकायचं नाही. ब्रिटनच्या केनेल क्लबनं तर दोन मर्ल आईबापांच्या पिल्लांची नोंदणीच बंद केलीय. त्या नरवाल्यांना हे सांगून बघा. "परदेशातलं इथे कशाला" म्हणाले तर कान आणि डोळे दोन्हीकडे सारखेच असतात म्हणावं.

पिल्लं काढायलाच हवीत का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण एक विचारते. चार पिल्लांसाठी चार घरं आज, आत्ता, नावानिशी तुमच्यासमोर आहेत का? नसतील तर ऑपरेशन करून घ्या. गर्भपिशवीत पू होण्याचं मोठं दुखणं त्यानं कायमचं टळतं. एकदा तरी वीण झालीच पाहिजे, नाहीतर मादीची तब्येत बिघडते, असं लोक छातीठोकपणे सांगतात, त्याला काही आधार नाही.

आणि हे वाचेपर्यंत जोड लागून गेली असेल तर? लगेच डॉक्टरांकडे जा. कुणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून "गर्भ राहू नये म्हणून" इस्ट्रोजेनचं इंजेक्शन आणून टोचू नका. त्यानं गर्भपिशवीत पू होऊ शकतो आणि हाडांतल्या मगजावर परिणाम होऊन रक्तच बनेनासं होतं. पिल्लं नकोच असतील तर गर्भपिशवी काढण्याचं ऑपरेशन हा त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग. राहू द्यायची असतील तर महिन्याभरानं सोनोग्राफी करून गर्भ राहिलाय का ते बघा. जन्मल्यावर पाच आठवडे होऊन गेले की प्रत्येक पिल्लू झोपेत असताना, दुसऱ्यांपासून वेगळं ठेवून, मागच्या खोलीतून स्टीलचं झाकण वाजवा. समोर उभं राहून वाजवलंत तर ते हालचालीनं जागं होईल आणि तुम्हाला वाटेल ऐकलं. एका कानानं बहिरं पिल्लू या पद्धतीनं सापडत नाही, त्यासाठी मशीनवरची तपासणी लागते. बहुतेक पांढरं, निळ्या डोळ्यांचं निघालं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, नसबंदी करूनच द्या, आणि घेणाऱ्याला ते दुहेरी मर्ल आहे हे लेखी कळवा.