मेजर कोणतं घेऊ?

प्रश्न : मी रावेर तालुक्यातली, बीएस्सी पहिल्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी मेजर ठरवायचंय, केमिस्ट्री की बॉटनी कळत नाही. पप्पा म्हणतात बॉटनीला स्कोप नाही, एमपीएससी कर. काय करू ताई?

उत्तर : अगं, आधी घाबरू नकोस, पहिल्या वर्षाला हे न कळणं अगदी नॉर्मल आहे. आणि बॉटनीला स्कोप नाही हे मला तरी पटत नाही, तुझ्या घराभोवतीच बघ ना, केळीच्या बागा आहेत, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आता केळीची टिश्यूकल्चरची, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून वाढवलेली रोपं लॅबमध्ये कोण बनवतं, तर बॉटनी, बायोटेकवाली मुलं, आणि माल पिकवायला चेंबरमध्ये इथिलीन गॅस सोडतात, तापमान सांभाळतात, तिथे केमिस्ट्री आलीच की! म्हणजे दोन्ही विषय एकाच केळीत आहेत. एक मेजर, दुसरा मायनर मिळतो का ते कॉलेजात विचार.

या दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस टिश्यूकल्चर लॅबमध्ये नाहीतर माती परीक्षणाच्या लॅबमध्ये जाऊन ये, तिथल्या ताईदादांना सरळ विचार, दिवसभर नेमकं काय करता, सुरुवातीला पगार किती होता, कंटाळा कशाचा येतो. कोणत्या प्रॅक्टिकलला वेळ कसा गेला कळत नाही तेही वहीत लिही, मार्कांपेक्षा ते जास्त सांगतं.

पप्पांशी भांडू नकोस गं, त्यांना काळजी आहे. एमपीएससीच्या राज्यसेवेला कुठलीही पदवी चालते, बॉटनी घेतली म्हणून तो रस्ता बंद होत नाही, हे त्यांना शांतपणे सांग.