गुलमर्गची दोरी, माझा गुडघा आणि विम्याचं कलम

तुमचा बेत वाचला: पाच मित्र, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, औलीचा चौदा दिवसांचा स्कीइंगचा कोर्स झालेला. तीन दिवस गुलमर्गच्या खालच्या उतारांवर, दोन दिवस गोंडोलाच्या (तिथला रोपवे) दुसऱ्या टप्प्यावरून, सोबत कॅमेरा. तुमचा प्रश्न आहे लेन्स कोणती न्यावी हा. शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘ट्रॅव्हल इन्शुरन्स काढलाय, त्यात स्कीइंग कव्हर आहे.’ लेन्सचं सांगतो, पण ते शेवटचं वाक्य वाचून माझा उजवा गुडघा ठणकला, म्हणून आधी त्याबद्दल.

कपडे, गॉगल, सनस्क्रीन हे कोर्समध्ये घोटून घेतलं असेल, त्यात शिरत नाही.

गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३१०० मीटर. दुसरा अफरवात शिखराच्या खांद्यावर, ३९५० च्या आसपास. खाली आणि कोंगडोरीजवळ शिकाऊ माणसाला झेपेल असा दाबलेला बर्फ मिळतो. वरून मात्र यंत्राने सपाट केलेले, खांब रोवून आखलेले उतार आहेत अशी कल्पना करून जाल तर फसाल. गोंडोलाखालचा मुख्य ‘बोल’ (वाटीसारखा खोलगट उतार) स्की पॅट्रोलवाले, म्हणजे उतारांवर सुरक्षेची गस्त घालणारे, तपासतात, गरज पडली तर स्फोट करून कच्चा बर्फ पाडतात आणि मगच उघडतात. त्याच्या दोन्ही अंगांना जे पसरलंय ते तुमच्या जबाबदारीवर. मध्ये फक्त एक दोरी, काही ठिकाणी तीही बर्फाखाली. एक पाऊल चढावं लागत नाही, लिफ्टमधून उतरून डावीउजवीकडे सरकलं की झालं, त्यामुळे आपण रिसॉर्ट सोडून बॅककंट्रीत, म्हणजे देखरेख नसलेल्या डोंगरात आलोय हे डोक्यात शिरतच नाही.

विमा कंपनीच्या डोक्यात मात्र ते बरोबर शिरतं. माझ्या ट्रॅव्हल पॉलिसीच्या माहितीपत्रकावर ‘विंटर स्पोर्ट्स समाविष्ट’ असं ठळक होतं. आत सोळाव्या पानावर ‘आखलेल्या व देखरेखीखालील उतारांवरच’. मी पडलो दोरीबाहेर. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, एमआरआय, शस्त्रक्रिया, सगळं झालं. क्लेमसोबत अपघाताच्या जागेचा फोटो मागितला, तर मी माझा सगळ्यात देखणा फोटो पाठवला: मागे भूर्जाची झाडं, कोरा बर्फ, एकट्याची एक रेघ. फोटोत जीपीएस होतंच. नकाराच्या पत्रात त्याच फोटोचा हवाला. नंतरचे पाच महिने त्या कार्यालयाच्या (नाव लिहीत नाही) खिडकीवर एकच वाक्य ऐकलं, ‘सर, सिस्टीमला रिजेक्टेड दाखवतंय.’ कोणी रिजेक्ट केलं, त्यांच्याशी बोलता येईल का, तर सिस्टीम.

पण खरा मूर्खपणा त्यांचा नव्हे, माझा. घरच्या कपाटात साधी मेडिक्लेम पडून होती आणि ‘धाडसी खेळ म्हणजे मेडिक्लेम चालत नाही’ या ऐकीव ज्ञानावर मी ती उघडलीच नाही. आता मेडिक्लेमच्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीत ‘Excl09’ असा सांकेतिक क्रमांक असलेलं कलम बघा. ते आयआरडीएआयने (विमा क्षेत्राची नियामक संस्था) ठरवून दिलेल्या शब्दांत असतं आणि धाडसी खेळांत ‘व्यावसायिक’ म्हणून भाग घेताना झालेली इजा वगळतं. सुट्टी काढून हौसेने पडलेला माणूस व्यावसायिक नसतो. हे मला कळेपर्यंत मेडिक्लेमला कळवायची मुदत उलटून गेली होती.

तेव्हा आजच्या आज ट्रॅव्हल विमा कंपनीला ईमेल करा. फोन नको, फोनवर सगळे ‘हो सर’ म्हणतात. विचारायचं ते असं: गुलमर्ग गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून दोरीच्या आत स्की करताना इजा झाली तर कव्हर आहे का, दोरीबाहेर स्थानिक गाइडसोबत असताना आहे का, आणि बर्फातून शोधून खाली आणण्याचा खर्च धरलाय की फक्त दवाखान्याचा. तिन्हीची उत्तरं लेखी. गोलमोल उत्तर आलं तर ते ‘नाही’ समजा आणि ऑफ-पिस्टचा (आखलेल्या उतारांबाहेरच्या स्कीइंगचा) स्पष्ट उल्लेख असलेली पॉलिसी शोधा, नाहीतर दोरीच्या आत राहा. फोटोतलं ठिकाण पुसून पाठवा असं मी म्हणत नाहीये, खोटा क्लेम करूच नका. पॉलिसीच योग्य घ्या.

अपघात झालाच तर चोवीस तासांत दोन्हीकडे कळवा, मेडिक्लेमलाही. पॅट्रोलने तुम्हाला स्लेडवरून (बर्फावरची घसरगाडी) खाली आणलं तर त्यांच्याकडून तारीख, वेळ, जागा लिहिलेला कागद तिथेच मागून घ्या, पुण्यातून तो मिळवणं महाकठीण. गाइडची सहीची पावती, लिफ्टचं तिकीट, बोर्डिंग पास, पहिल्या तपासणीचा केसपेपर हे सगळं एका प्लास्टिकच्या पाकिटात. नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, पण नकारापासून वर्षाच्या आत जायला हवं. (मी एजंट नाही, वकीलही नाही. तुमच्या पॉलिसीतले शब्द माझ्यापेक्षा मोठे.)

आता बर्फ. ८ फेब्रुवारी २०१० ला याच भागात लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमस्खलनात गेले. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवातच्या हापतखुडमध्ये दोन पोलिश स्कीअर गेले. डीजीआरई या डीआरडीओच्या संस्थेचं हिमस्खलन पत्रक रोज बघा, पण ते जिल्हा आणि उंचीनुसार असतं, तुमच्या पायाखालच्या उतारासाठी नसतं. ३० ते ४५ अंशांचा उतार, रात्री पडलेला नवा बर्फ आणि वारा हे तिन्ही एकत्र आले की मी तरी वर जात नाही. मोठा बर्फ पडल्यावर दुसरा टप्पा बंद असतो, तो उगाच नाही. त्यामुळे ‘शेवटचे दोन दिवस वर’ हे गणित मोडा. पाचही दिवस मोकळे ठेवा आणि ज्या सकाळी वर उघडेल त्या सकाळी जा. तिकिटं ऑनलाइन काढावी लागतात आणि लवकर संपतात, हा त्रास आहेच.

बीकन (बर्फाखालून सिग्नल देणारं आणि तो शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं पाचही जणांकडे हवं, ‘आमच्यात तिघांकडे आहे’ याला अर्थ नाही. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर यावा लागतो, म्हणजे शोधणारे तुम्हीच. फावडं धातूचं. कॅमेरावाल्यांची चूक इथेच होते. बीकन छातीवर बांधलेला आणि त्यावर चेस्ट माउंटमध्ये अॅक्शन कॅमेरा, खिशात फोन, हातात बॅटरीचे गरम मोजे. बीकन सिग्नल पाठवत असताना असलं काहीही त्यापासून किमान २० सेंमी दूर हवं, शोधताना ५० सेंमी. जवळ असलं तर अंतराचे आकडे उड्या मारतात, बाणाची दिशा भरकटते. फोन फ्लाइट मोडवर, पँटच्या खिशात. कॅमेरा हेल्मेटवर किंवा पाठीवरच्या सॅकमध्ये. पहिल्या सकाळी हॉटेलबाहेर एक बीकन सॅकमध्ये घालून बर्फात पुरून प्रत्येकाने सगळी यंत्रं अंगावर ठेवून शोधून बघा, पटेल.

गुडघ्यावरून आठवलं. भाड्याच्या स्कीचं बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड) दुकानदार चेहरा बघून लावतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी (टाचेजवळ कोरलेली असते) हे सगळं त्याला सांगा आणि तक्त्यावरून आकडा लावायला लावा. ‘मी चांगला स्कीअर आहे’ ही फुशारकी तिथे मारू नका. आकडा वाढतो, पडल्यावर स्की सुटत नाही आणि पिळ गुडघ्याला बसतो.

लेन्स: एकच न्या. २४-१०५ पुरते. वर लेन्स बदललीत की आत बर्फाची भुकटी गेलीच. स्कीअर टिपायला शटर १/१००० च्या पुढे, फोकस सतत मागोवा घेणाऱ्या मोडवर, रॉ फाइल. कॅमेरा पांढऱ्या बर्फाला राखाडी समजतो, म्हणून एक्सपोजर +१ ते +१.७. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) वाइड अँगलला लावू नका, आकाशाचा अर्धा भाग काळानिळा येतो. अफरवातचे उतार साधारण पूर्व-ईशान्येकडे बघतात, त्यामुळे उजेड सकाळी, नेमका तुम्ही रांगेत असताना. रांगेत लवकर लागा. आकाश स्वच्छ असेल तर उत्तरेला नंगा पर्वत दिसतो. धुकं, पांढरं आकाश असेल तर वर जाऊन काही मिळत नाही, बर्फ आणि आकाशातली सीमाच नाहीशी होते. अशा दिवशी खालच्या बाबारेशी गावाकडे झाडांतून उतरा, गाइडसोबत. खोडांमुळे चित्राला खोली येते आणि तुम्हालाही उतार दिसतो. खाली रस्त्याला लागलात की टॅक्सी करून परत वर यावं लागतं, ते पैसे जवळ ठेवा. फोटो काढायला थांबायचं ते उताराच्या कडेला, एकेकाने उतरायचं, बाकीचे सुरक्षित जागी. पाचही जण एकाच उताराच्या मध्यावर पोज देऊन उभे, असं करू नका.

नियंत्रण रेषा जवळ आहे. लष्करी चौक्यांचे फोटो नकोत, ड्रोन घरी ठेवा. तुमच्यातला जो अमेरिकेतल्या बे एरियातून येतोय त्याला सांगा, सॅटेलाइट मेसेंजर भारतात परवान्याशिवाय आणता येत नाही, विमानतळावर लोक अडकलेत. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, निदान दोघांकडे पोस्टपेड हवं.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत बुखारी (काश्मिरी शेगडी) पेटलेली असते आणि बाहेरून आणलेला कॅमेरा तिथे उघडला की आतून-बाहेरून पाणी सुटतं. बाहेरच झिपच्या पिशवीत घालून, हवा काढून बंद करा आणि दोन तास तशीच राहू द्या. बॅटऱ्या दिवसभर आतल्या खिशात. मेमरी कार्ड तेवढं आत शिरायच्या आधीच काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या घाईत कोणीतरी पिशवी उघडतोच.